डेर, डी, डास आणि टिळकवाडीतला जर्मनचा वर्ग

बेळगावच्या टिळकवाडीत दुसऱ्या रेल्वे गेटच्या अलीकडे एका जुन्या घराच्या माडीवर जर्मनचा वर्ग चालतो. बाहेर पाटी नाही, जाहिरात नाही. मी तिथं चार महिने ए-वन, म्हणजे जर्मनची पहिली पातळी, केलं. आठवड्यातून तीन दिवस, रोज दीड तास, फी सात हजार रुपये. हॉस्पिटलमधल्या मैत्रिणी सारख्या विचारतात, "कसा आहे गं क्लास? जाऊ की नको?" प्रत्येकीला तुकड्या-तुकड्यानं सांगण्यापेक्षा एकदाच सगळं लिहिते.

मी खानापूर तालुक्यातली. बेळगावात एका खाजगी हॉस्पिटलात स्टाफ नर्स आहे, बहुतेक नाइट ड्यूटी. जर्मनीत नर्स म्हणून मान्यता मिळवायला साधारण बी-टूपर्यंत, म्हणजे चौथ्या पातळीपर्यंत, भाषा लागते, म्हणून आधी मी एका ऑनलाइन कोर्सला पैसे भरले होते. तिथून आठवड्याला शब्दांची यादी यायची. टिश म्हणजे टेबल, ट्यूर म्हणजे दार, मिल्श म्हणजे दूध. शब्दांच्या आधी डेर, डी, डास (पुल्लिंगी, स्त्रीलिंगी, नपुंसकलिंगी नामांची आर्टिकलं) काहीच नाही. विचारलं तर उत्तर आलं, आर्टिकल नंतर करू. मी ड्यूटीवरून येऊन, डोळे चुरचुरत असताना सहाशे शब्द पाठ केले आणि त्यातल्या एकाचंही धड वाक्य मला करता येईना. जर्मनमध्ये नामाचं लिंग माहीत नसेल तर आर्टिकल चुकतं, विशेषणाचं शेपूट चुकतं, पुढच्या वाक्यातलं सर्वनामही चुकतं. ते सहाशे शब्द मला पुन्हा पहिल्यापासून करावे लागले. त्या दोन महिन्यांचा राग अजून माझ्या मनातून गेलेला नाही.

माडीवरच्या वर्गात पहिल्या दिवशी मॅडमनी वही उघडूच दिली नाही. टेबलावर एक किल्ली, चमचा, काटा, सुरी आणि पुस्तक ठेवलं आणि मराठीतच विचारलं, "चमचा कुठाय?" आम्ही म्हटलं, "तो इथं आहे." "सुरी?" "ती इथं आहे." "पुस्तक?" "ते इथं आहे." मग त्या म्हणाल्या, "चमचा तो आणि सुरी ती, हे तुम्हाला कुणी शिकवलं?" कुणीच शिकवलं नव्हतं. आईच्या तोंडून लाख वेळा ऐकलं, एवढंच. त्यांचं म्हणणं असं की हिंदीवाल्यांना दोनच लिंगांची सवय असते, इंग्रजीत वस्तूंना लिंगच नाही, पण मराठी माणसाच्या कानात तीन घरं आधीपासून बांधलेली आहेत. सामान तेवढं नव्यानं लावायचं.

म्हणून त्यांनी डेर, डी, डासच्या आधी एर, झी, एस शिकवलं, म्हणजे तो, ती, ते. आठवडाभर आम्ही वस्तू लपवत होतो आणि विचारत होतो, "किल्ली कुठं आहे?" जर्मनमध्ये किल्ली पुल्लिंगी, डेर श्ल्यूसेल, म्हणून उत्तर "एर इस्ट हिअर". तो इथं आहे. मग एक दिवस त्यांनी फळ्यावर शेजारी-शेजारी लिहिलं: डेर–एर, डी–झी, डास–एस. शेवटचा आवाज तोच. पुढे विभक्ती आल्या तेव्हाही तसंच: पुल्लिंगी द्वितीयेत डेन–ईन, चतुर्थीत डेम–ईम, स्त्रीलिंगी चतुर्थीत डेर–ईर. ज्या तक्त्याकडे पाहून मी ऑनलाइन कोर्समध्ये रडकुंडीला आले होते, तो दोन बाजूंनी एकमेकाला धरून उभा राहिला. मला वाटतं, या वर्गाची फी त्या एका दिवसात वसूल झाली.

आता आपल्या लोकांची खरी अडचण. तीन घरं तयार असली तरी सामान तेच नसतं. चमचा तो आणि डेर लॉफेल जुळलं, पण काटा तो आणि तिकडे डी गाबेल, सुरी ती आणि तिकडे डास मेसर. चंद्र जुळतो, डेर मोंट. सूर्य मात्र त्यांच्याकडे बाई, डी झॉने. घर आणि पुस्तक नपुंसकलिंगी, बरोबर आपल्यासारखे. लगेच दार म्हणजे डी ट्यूर, खिडकी म्हणजे डास फेन्स्टर. साखर पुल्लिंगी, दूध स्त्रीलिंगी. जे शब्द जुळतात ते आपल्याला गाफील ठेवतात, आणि पुढच्याच शब्दाला आपण मराठी लिंग बिनधास्त लावून मोकळे होतो. मॅडम फक्त न जुळणाऱ्या शब्दांची वेगळी वही करायला लावतात. माझी भरली तेव्हा दोनशेच्या वर शब्द झाले होते.

आमच्या बॅचमध्ये बैलहोंगलचा एक मुलगा होता, घरात फक्त कन्नड. कन्नडमध्ये पुरुषाला अवनु, बाईला अवळु, आणि वस्तू, झाड, जनावर, सगळ्याला अदु. टेबल काय नि खुर्ची काय, अदु. बेळगावात राहून तो मराठी बोलायला शिकलाय, पण "माझा गाडी" म्हणायचा आणि आम्ही मुली त्याला दुरुस्त करायचो. तिसऱ्या महिन्यात मॅडमनी आर्टिकलची चाचणी घेतली, तर त्याला पन्नासपैकी सत्तेचाळीस आणि मला एकोणचाळीस. त्याच्या डोक्यात आडवं येणारं दुसरं लिंगच नव्हतं. डी मिल्श म्हटलं की डी मिल्श, बस्स. मी मात्र दर वेळी "ते दूध" पुसून मग "डी" लिहीत होते. त्या दिवसापासून त्याचं मराठी दुरुस्त करताना माझा आवाज आपोआप खाली येऊ लागला. त्यानंच आम्हाला किट्टेलबद्दल सांगितलं. फर्डिनांड किट्टेल हा जर्मन मिशनरी, १८९४ साली त्याचा कन्नड-इंग्रजी कोश छापला गेला, आणि तो धारवाडला राहून गेलेला. तो माणूस डेर, डी, डास घरी ठेवून अदु शिकला, आपण उलट्या दिशेनं निघालोय, असं तो मुलगा म्हणाला.

डास मेडशेन हा शब्द आला त्या संध्याकाळी वर्गात बराच गोंधळ झाला. मेडशेन म्हणजे मुलगी, आणि लिंग नपुंसक. सगळ्यांना विचित्र वाटलं. मॅडमनी सांगितलं, मूळ शब्द डी माग्ट, त्याला लहानपणा दाखवणारा शेन लागला, आणि शेन लागलेलं प्रत्येक नाम डास होतं. मला एकदम आजी आठवली. माझी आजी गोव्याच्या सत्तरी भागातून कणकुंबीला लग्न होऊन आलेली. मला ती शेवटपर्यंत चेडू, म्हणजे मुलगी, म्हणायची, आणि माझ्याबद्दल विचारताना "तें खंय गेलें?" असंच. कोकणीत लहान वयाच्या मुलीला नपुंसकलिंगच वापरतात. मी हात वर करून हे सांगितलं, तर मॅडमनी फळा पुसला आणि माझ्याकडूनच शब्द लिहून घेतले. लेक ती, पण लेकरू ते. वासरू, कोकरू, शिंगरू, पिल्लू, सगळी ते. जर्मनमध्ये डास किंट, डास काल्ब, डास लाम. लहान जीव दोन्हीकडे त्याच घरात राहतो. मी घरी जाताना एसटीत खिडकीशी बसून हेच शब्द पुन्हा पुन्हा म्हणत होते.

मग आम्हाला शेपटं शोधायचा नादच लागला. उंगनं संपणारी क्रियेची नामं स्त्रीलिंगी: डी उंटरझूखुंग म्हणजे तपासणी, डी मेसुंग म्हणजे मोजणी. आपल्याकडे णीनं संपणाऱ्या क्रिया बघा, पेरणी, लावणी, मळणी, तपासणी, सगळ्या ती. आमच्या घरी भातशेती, त्यामुळे हा नियम मला पाठ करावाच लागला नाही. क्रियापदालाच नाम केलं तर डास: डास एसन, डास लेबन. आपलं ते खाणं, ते जगणं. हाइट, काइट, शाफ्ट यांची नामं मात्र मुकाट पाठच करायची, ती सगळी डी.

जोडशब्दाचा भाग नर्सेसनी नीट ऐकावा. जर्मनमध्ये शब्दाला शब्द जोडत जातात आणि लिंग शेवटच्याचं लागतं. डास ब्लूट म्हणजे रक्त, डेर ड्रुक म्हणजे दाब, म्हणून डेर ब्लूटड्रुक. आपल्याकडेही रक्त ते, दाब तो, आणि रक्तदाब तो. हाउस नपुंसकलिंगी म्हणून डास क्रांकनहाउस, हॉस्पिटल. रात्री दोन वाजता वॉर्डात बीपी घेताना मी मनात डेर ब्लूटड्रुक म्हणते आणि ते चुकूच शकत नाही. अनेकवचनाला मॅडमनी एकच तास दिला, तेवढा पुरेसा होता. प्रथमेत सगळ्यांना डी. आपले ते चमचे, त्या सुऱ्या, ती पुस्तकं, असे तीन प्रकार तिकडे नाहीत.

आता जे पटलं नाही ते. चतुर्थी विभक्ती शेवटच्या दोन आठवड्यांत घाईघाईनं उरकली. डी झॉनेमधली डी स्त्रीलिंगी असताना चतुर्थीत तिचं डेर का होतं, हे कळायच्या आत पुढचा धडा आला. डेर पाट्सिएंट हा शब्द तर आम्हा नर्सेसच्या तोंडी दिवसातून पन्नासदा येणार. प्रथमा सोडली की त्याला शेवटी 'न' लागतो. पेशंटला मदत करते, हे सांगायचं तर डेम पाट्सिएंटन. हे मला नंतर माझं मीच शोधावं लागलं. अर्धा वर्ग नर्सिंगचा असताना हा एक शब्द तरी आधी घ्यायला हवा होता, आणि हे मी मॅडमना तोंडावर सांगितलंय. त्यांनी वहीत टिपून घेतलं. ऐकण्याचा सरावही कमी पडतो. एक जुना स्पीकर आहे, त्याचा आवाज मागच्या बाकापर्यंत येत नाही, त्यामुळे घरी कानात हेडफोन घालून रोज अर्धा तास ऐकावंच लागतं. जिना अरुंद आहे, पावसाळ्यात माडी ओली असते, आणि वीज गेली की मेणबत्तीवर तास चालतो. मला त्याचा त्रास झाला नाही, पण कुणाला होऊ शकेल.

परीक्षा मी पुण्याला मॅक्स म्युलर भवनात दिली. रात्रीच्या बसनं निपाणी, कोल्हापूर, सातारा करत सकाळी पोचले. ए-वनला शंभरपैकी साठ लागतात. तोंडी परीक्षेत चित्राचं कार्ड उचलून विनंती करायची असते. माझ्या कार्डावर चमचा निघाला. मी म्हटलं, "क्योनन झी मिअर बिटे डेन लॉफेल गेबन?" डेरचं डेन झालं ते तोंडातून आपसूक गेलं, मला विचार करावा लागला नाही. मला चौऱ्याऐंशी गुण मिळाले. लिहिण्यात गेले, बोलण्यात नाही.

ज्यांना दोन महिन्यांत सर्टिफिकेट हवंय त्यांनी इथं जाऊ नये, मॅडम घाई करत नाहीत. ए-टूपर्यंतच इथं शिकवतात, बी-वन आणि बी-टूसाठी दुसरीकडे जावं लागेल. ज्यांनी आधीच यादीतून आर्टिकलशिवाय शब्द पाठ केलेत, त्यांनी मात्र नक्की जावं. ते शब्द दुरुस्त करून घ्यायला यासारखी जागा मला बेळगावात दुसरी सापडली नाही. सकाळची बॅच सातला, संध्याकाळची साडेपाचला. नाइट करणाऱ्यांनी संध्याकाळची घ्या, तास संपल्यावर सरळ ड्यूटीवर जाता येतं. जाताना दोन वह्या न्या, एक साधी आणि एक न जुळणाऱ्या शब्दांची. दुसरी जाड घ्या.