'२४ बिट मास्टर' म्हणून पैसे घेतले आणि आत निघालं एमपीथ्री, कॅसेट डिजिटल करायला देण्याआधी हे वाचा

ज्यांच्या घरी जुन्या कॅसेट पडून आहेत आणि त्या डिजिटल करून घ्यायचा विचार चाललाय त्यांच्यासाठी लिहितोय. आमच्या आजोबांच्या कीर्तनाच्या कॅसेट होत्या, ऐंशीच्या दशकात सप्ताहात साध्या टेपरेकॉर्डरवर भरलेल्या, काल्याचं कीर्तन, हरिपाठ, मधेच गावातल्या माणसांचे आवाज, त्यातलं आज जवळपास कोणी राहिलं नाही. पुण्यातल्या एका दुकानात दिल्या. तिथे दोन रेट होते, साधं डिजिटल कॅसेटमागे दीडशे आणि '२४ बिट ९६ किलोहर्ट्झ स्टुडिओ मास्टर' सहाशे. टेप जुन्या, पुन्हापुन्हा वाजवायच्या नाहीत, म्हणून सहाशेवालं घेतलं आणि पावतीवर तसं लिहून घेतलं.

पेनड्राइव्ह देताना मालक म्हणाले, काका, साइज बघा, एका तासाची दोन जीबी, यापेक्षा वर क्वालिटीच नाही. साइज खरोखर तेवढीच होती, सेकंदाला ९६,००० सॅम्पल (म्हणजे आवाजाची मोजमापं, हेच ते ९६ किलोहर्ट्झ), प्रत्येक २४ बिटचं (बिट म्हणजे ० किंवा १ चा एक अंक), दोन चॅनल, तासाला दोन जीबीच्या आसपास येतातच. पण घरी हेडफोन लावून ऐकलं तर टाळ बिघडलेले. ठोका पडायच्या किंचित आधीच सळसळ सुरू होते आणि मग ठोका बोथट येतो, पखवाजाची थाप पण तशीच. कॅसेट लावून ऐकली तर तिथे टाळ स्वच्छ, टेपची शूं शूं आहे पण ठोका खणखणीत.

मग फाईल ऑडॅसिटीत उघडली, सॉफ्टवेअर फुकट आहे, त्यात ट्रॅकचा व्ह्यू बदलून स्पेक्ट्रोग्राम लावला, म्हणजे कुठल्या वेळी किती उंच पट्टीपर्यंत आवाज आहे ते दाखवणारं चित्र. १६ किलोहर्ट्झच्या आसपास कापल्यासारखी सरळ रेघ आणि तिच्या वर सगळं काळं, तासभर. टेपची शूं शूं अशी एका जागी तुटत नसते, ती वर जाताना हळूहळू कमी होत जाते. एमपीथ्री फाईल लहान करायला आवाजातला काही भाग टाकून देते, सेकंदाला जितके कमी बिट (बिटरेट) तितका जास्त, आणि अशी भिंत कमी बिटरेटच्या एमपीथ्रीत दिसते, आणि ठोक्याआधीची सळसळ पण त्याचीच खूण. नंतर सॉक्स नावाच्या फुकट प्रोग्रॅमची स्टॅट्स कमांड चालवली, बिट डेप्थसमोर २४ यायला हवं होतं, १६ आलं. म्हणजे प्रत्येक सॅम्पलचे खालचे आठ बिट सरसकट शून्य. खऱ्या २४ बिट रेकॉर्डिंगमध्ये टेपच्या नॉइजनेच ते बिट सतत बदलत राहतात, तासभर एकदाही न हलणं शक्यच नाही, ते मागाहून चिकटवलेले शून्य होते.

दुकानात जाऊन विचारलं तेव्हा तिथल्या पोरानेच मशीन दाखवलं, ऑनलाइन मिळतो तो प्लास्टिकचा कॅसेट प्लेअर, पेनड्राइव्ह लावला की थेट १२८ केबीपीएसची, म्हणजे सेकंदाला १,२८,००० बिटची, एमपीथ्री भरतो. तासाची ५८ एमबीची फाईल, ती कन्व्हर्टरमधून फुगवून दोन जीबीची केली, छत्तीस पट, आणि त्या फुगवण्याचे माझ्याकडून कॅसेटमागे साडेचारशे जास्त घेतले. दीडशेवाल्या गिऱ्हाइकाला हीच एमपीथ्री मिळते, न फुगवता.

यात समजून घ्यायची गोष्ट एकच आहे. आवाज डिजिटल होतो तेव्हा दर सॅम्पलची उंची मोजून ती जवळच्या पायरीवर बसवतात, त्याला क्वांटायझेशन म्हणतात, आणि पल्स कोड मॉड्युलेशन म्हणजे त्या पायऱ्यांचे आकडे बायनरीत लिहून ठेवणं. ८ बिटला २५६ पायऱ्या, १६ बिटला ६५,५३६, २४ बिटला १ कोटी ६७ लाखांच्या वर. ही मोजणी एकदाच होते, टेप वाजत असताना, त्या मशीनमध्ये. सेंटीमीटरच्या पट्टीने मोजून नंतर कागदावर १२.००० लिहिलं म्हणून मिलिमीटर मोजले गेले असं होत नाही. तेव्हा जे गेलं ते नंतर किती पण बिट लावा परत येत नाही.

मालकाचं म्हणणं, काका फोनवर ८ बिटच असतात, कानाला काय कळतंय. हे ऐकून मला फार राग आला, कारण अर्धवट माहितीवर लोकांना गप्प करायचं हे. लँडलाइनच्या डिजिटल लाइनवर सेकंदाला ८,००० सॅम्पल आणि ८ बिट, ६४ केबीपीएस, हे बरोबर आहे. १९३७ मध्ये अॅलेक रीव्ह्ज या इंग्रज इंजिनिअरने पॅरिसमध्ये पल्स कोड मॉड्युलेशनची कल्पना काढली ती लांबच्या टेलिफोन लाइनवर साचत जाणारा नॉइज टाळायला, आणि फोनमध्ये फक्त ३०० ते ३,४०० हर्ट्झचं बोलणं न्यायचं असतं. शिवाय आपल्याकडे ए-लॉ नावाची पद्धत वापरतात, त्यात हळू आवाजाला बारीक पायऱ्या आणि मोठ्या आवाजाला रुंद, म्हणून ८ बिटवर भागतं. टाळ-पखवाजाचं कीर्तन त्या मापात कसं बसणार!

आणि खरं सांगायचं तर कॅसेटला २४ बिट लागतच नाहीत. एका बिटला साधारण ६ डेसिबल, १६ बिटचे होतात ९६ च्या वर, आणि साध्या कॅसेटची रेंज ५० ते ६० डेसिबल. २४ चा फायदा एवढाच की लेव्हल थोडी कमी ठेवून भरता येतं, पखवाजाची थाप वर जाऊन कापली जात नाही. कॅसेटला खरी गरज असते ती चांगल्या डेकची (कॅसेट वाजवायचं मशीन), त्याचं हेड, म्हणजे टेप वाचणारा भाग, साफ करण्याची, हेडचा कोन त्या टेपला जुळवण्याची आणि बऱ्या ऑडिओ इंटरफेसची, म्हणजे डेकचा आवाज मोजून कॉम्प्युटरमध्ये नेणाऱ्या उपकरणाची. तेव्हा दुकानदाराला बिट किती ते विचारत बसू नका, डेक कुठला आणि इंटरफेस कुठला ते विचारा, समोर एक मिनिट भरायला लावा आणि तिथेच स्पेक्ट्रोग्राम बघा, पैसे त्यानंतर.

अजून एक, जुन्या कॅसेट आम्हीच डिस्पोज करतो, तुम्हाला कशाला कचरा, असं ते आग्रहाने म्हणत होते. अजिबात देऊ नका. आमच्या परत आणल्या म्हणूनच एका ओळखीच्या साउंडवाल्याकडे चांगल्या डेकवर पुन्हा भरता आल्या, १६ बिट ४४.१ किलोहर्ट्झमध्येच, आणि टाळ आले.

पैसे दुकानाने परत दिलेले नाहीत. पावती, फाईल आणि स्पेक्ट्रोग्रामचे स्क्रीनशॉट जोडून ग्राहक हेल्पलाइनवर, १९१५ वर, तक्रार नोंदवली आहे. तुमच्याकडे अशीच फाईल निघाली तर पावतीवर बिट आणि किलोहर्ट्झ लिहिलेत का ते आधी बघा, तक्रारीत सगळ्यात जास्त उपयोग त्याचाच होतो.