शब्दसंग्रहाच्या कोर्सआडून गळ्यात पडलेलं कर्ज

माझी भाची नाशिकला इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे. परदेशात एमएस करायचं, म्हणून जीआरई या प्रवेश परीक्षेची तयारी चाललेली. मोबाइलवर एका ऑनलाइन क्लासची जाहिरात आली: मोफत चाचणी द्या, आपल्या इंग्रजी शब्दसंग्रहाची पातळी ओळखा. निकाल लागला 'प्राथमिक', आणि लगेच फोन. "मॅडम, या पातळीवर युनिव्हर्सिटी तुमचा फॉर्मसुद्धा उघडणार नाही." पुढे मी तीच चाचणी दुसऱ्या नंबरवरून, शेजारी शब्दकोश ठेवून दिली. निकाल 'प्राथमिक'च!

कोर्स ४२ हजारांचा. आजच्या आज घेतला तर २८ हजार, तेही बिनव्याजी हप्त्यांत. पोरीने आधार-पॅन पाठवलं, आलेला ओटीपी टाकला. तिच्या समजुतीप्रमाणे हे क्लासच्या फीचे हप्ते. प्रत्यक्षात तिच्या नावावर एका फायनान्स कंपनीचं कर्ज निघालं होतं. क्लासला पैसे एकरकमी मिळाले आणि हप्ते हिच्या खात्यातून. खरी मेख इथेच आहे. क्लासने शिकवणं बंद केलं तरी हप्ता थांबत नाही, आणि थांबवला तर सिबिल, म्हणजे कर्जफेडीची पत दाखवणारा स्कोअर, बिघडतो. उद्या शैक्षणिक कर्ज मागायला बँकेत जाणाऱ्या मुलीला हे केवढ्याला पडेल?

बदल्यात मिळाली एक पीडीएफ, "आमच्या तज्ज्ञांनी वर्षानुवर्षं खपून तयार केलेली" शब्दसूची. दहा पातळ्या, पहिल्या नवांत साठ-साठ शब्द, दहावीत तीसच. असं का, तर म्हणे शेवटची पातळी अवघड असते! मी कॉलेजात इंग्रजी शिकवते, त्यामुळे हा हिशेब पाहताच लक्षात आलं. ही ॲव्हरिल कॉक्सहेड यांची 'अकॅडेमिक वर्ड लिस्ट'. न्यूझीलंडमधल्या वेलिंग्टनच्या व्हिक्टोरिया विद्यापीठात सुमारे ३५ लाख शब्दांचा शैक्षणिक मजकूर चाळून त्यांनी ५७० शब्दकुळं (एक मूळ शब्द आणि त्यापासून झालेली रूपं) निवडली आणि २००० साली ती यादी प्रसिद्ध केली. इंटरनेटवर ती फुकट मिळते. यादी उत्तमच आहे, पण तिच्या पहिल्याच गटात 'एरिया' आणि 'अव्हेलेबल' आहेत. जीआरईला बसणाऱ्या मुलीला ते कशाला शिकवायचे?

दुसरा माल त्याहून शिळा निघाला, विरुद्धार्थी शब्दांचे सराव संच. जीआरईतून तसले प्रश्न ऑगस्ट २०११ मध्येच गेले. परीक्षा घेणारी ईटीएस संस्था स्वतः पॉवरप्रेपच्या दोन पूर्ण सराव परीक्षा मोफत देते, तिथे आजचं स्वरूप कोणालाही बघता येतं.

कर्जाबाबत एक गोष्ट आम्हाला उशिरा कळली. रिझर्व्ह बँकेच्या डिजिटल कर्जाच्या नियमांनुसार सही करण्याआधी व्याज आणि सगळे आकार दाखवणारं तपशीलपत्रक कर्जदाराला द्यावं लागतं. शिवाय माघार घ्यायला थोडी मुदत असते. मुद्दल आणि तेवढ्या दिवसांचं व्याज भरलं की दंड न पडता सुटता येतं. ती मुदत कर्जाच्या कागदातच लिहिलेली असते. भाचीने घरी सांगितलं तोवर ती उलटून गेली होती. मग १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली, फायनान्स कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्यालाही लेखी कळवलं.

तक्रार जाताच क्लासने निम्मे पैसे देऊ केले. अट एकच, लिहिलेला वाईट अभिप्राय काढून टाका. भाचीने साफ नकार दिला. कंपनीचं उत्तर अजून यायचं आहे, हप्ता मात्र ५ तारखेला न चुकता कापला जातो.