चासीचा (गाडीच्या लोखंडी सांगाड्याचा) गंज: तारेचा ब्रश की सँडब्लास्टिंग?

ग्राइंडरला लावलेला तारेचा ब्रश घरच्या घरी वापरता येतो आणि सपाट भागावरचा सुटा गंज तो झटपट उडवतो. मात्र बारीक खड्ड्यांतला गंज निघण्याऐवजी घासून चकचकीत होतो, आणि ती काळसर चमक पाहून लोखंड स्वच्छ झाले असे वाटते, हाच खरा धोका आहे. सँडब्लास्टिंगचा, म्हणजे दाबाच्या हवेने फेकलेल्या कणांचा, मारा वेल्डिंगच्या सांध्यांतही पोहोचतो, शिवाय प्राइमरला (रंगाआधीच्या पहिल्या थराला) पकड देणारा खरखरीतपणा आणतो. पातळ पत्रा त्याने वाकू शकतो. जाड चासीसाठी मात्र मी तेच निवडेन. सिलिकायुक्त वाळू कटाक्षाने टाळावी, कारण तिच्या धुळीने सिलिकोसिस हा फुफ्फुसांचा आजार होतो. त्याऐवजी गार्नेट या कठीण खनिजाचे कण वापरावेत. उघडे पडलेले लोखंड दमट हवेत काही तासांतच पुन्हा तांबूस होऊ लागते, म्हणून प्राइमर त्याच दिवशी मारावा.