सूत्र, स्मिथ चार्ट की लॅटिस डायग्राम: ट्रान्समिशन लाइनसाठी काय निवडावं?

ट्रान्समिशन लाइनचा, म्हणजे जिच्यावर व्होल्टेज लाटेसारखं धावतं अशा तारेचा, प्रश्न समोर आला की बरेच जण पद्धत आधी निवडतात आणि प्रश्न नंतर वाचतात. अँटेनावाला स्मिथ चार्ट (लाइनवरची परावर्तनं दाखवणारा गोल आलेख) उघडतो, पॉवर सिस्टिमवाला एबीसीडी स्थिरांक (दोन टोकांचं व्होल्टेज आणि करंट जोडणारे सूत्रातले चार आकडे) मांडतो, डिजिटल बोर्डवाला थेट सिम्युलेटर सुरू करतो. माझ्या मते आधी एकच गोष्ट तपासावी. लाइनवर एकाच वारंवारितेची साइन लाट सतत चालू आहे, की अचानक बदललेलं व्होल्टेज तिच्यावरून पहिल्यांदाच धावतंय? एवढं ठरलं की निवड बरीचशी होऊन जाते.

त्याही आधी, तारेला लाइन म्हणून बघायची गरज आहे का? ५० हर्ट्झला तरंगलांबी जवळपास ६००० किलोमीटर भरते. त्यामुळे ५० किलोमीटरच्या वीजवाहिनीवर रोजचं व्होल्टेज काढताना लाटांचा विचार केला नाही तरी चालतं. उलट एफआर-४ या नेहमीच्या सर्किट बोर्डावर सिग्नल एका नॅनोसेकंदात साधारण १५ सेंटिमीटर जातो. चढणीचा काळ एक नॅनोसेकंद असेल, तर १० सेंटिमीटरच्या ट्रेसवर (बोर्डावरच्या तांब्याच्या पट्टीवर) जाऊन-येऊन १.३ नॅनोसेकंद लागतात. म्हणजे सिग्नल पूर्ण चढला तरी त्याचा प्रतिध्वनी परत आलेला नसतो. अशा ट्रेसला साधी तार समजून चालणार नाही.

सूत्र, स्मिथ चार्ट आणि लॅटिस डायग्राम या तिन्ही पद्धतींचं मूळ एकच: ऑलिव्हर हेविसाइडने मांडलेली टेलिग्राफ समीकरणं. ‘इम्पीडन्स’ (बदलत्या विद्युतप्रवाहाला होणारा एकूण अडथळा) हा शब्दही त्यानेच १८८६ मध्ये रूढ केला. त्यामुळे जिथे त्या लागू पडतात तिथे उत्तरं सारखीच येतात. फरक पडतो तो उत्तर येईपर्यंत आपल्याला काय दिसतं, यात.

एक उदाहरण घेऊ. लाइन ५० ओहमची आणि टोकाला जोडलेला लोड १०० + जे ५० ओहमचा (जे म्हणजे उणे एकचं वर्गमूळ). परावर्तन गुणांक म्हणजे लोड आणि लाइन यांच्या इम्पीडन्सची वजाबाकी भागिले बेरीज. तो येतो ०.४ + जे ०.२, म्हणजे परिमाण ०.४४७. लोडकडे गेलेल्या शक्तीतली २० टक्के परत फिरते आणि स्टँडिंग वेव्हचं गुणोत्तर (लाइनवरचं सर्वात जास्त भागिले सर्वात कमी व्होल्टेज) २.६२ होतं. इथपर्यंत सूत्र सगळ्यात जलद. पाव तरंगलांबी मागे जाऊन इम्पीडन्स किती दिसेल, हेही सूत्राने एका ओळीत निघतं: ५० चा वर्ग भागिले लोड, म्हणजे २० – जे १० ओहम.

आता हाच लोड शॉर्ट केलेल्या एका समांतर स्टबने, म्हणजे टोक जोडून टाकलेल्या लाइनच्या तुकड्याने, जुळवायचा आहे, म्हणजे परावर्तन थांबवायचं आहे. स्टब लोडपासून किती अंतरावर लावायचा? सूत्राने गेलात तर टॅन्जंटमधलं वर्गसमीकरण मिळतं. त्याची उत्तरं ३ आणि उणे १. त्यावरून अंतरं निघतात ०.१९९ आणि ०.३७५ तरंगलांबी. उत्तर बरोबर आहे, पण दोनच जागा का, आणि त्यातली कोणती बरी, हे त्या दोन आकड्यांकडे बघून कळत नाही.

स्मिथ चार्टवर हीच गोष्ट डोळ्यांना दिसते. लोडचा बिंदू मांडा, समोरच्या बाजूला जाऊन अ‍ॅडमिटन्स (इम्पीडन्सचा व्यस्त) घ्या (लाइनच्या प्रमाणात ०.४ – जे ०.२), आणि जनरेटरच्या दिशेने, म्हणजे घड्याळाच्या काट्यांप्रमाणे, वर्तुळावरून फिरा. एक या कंडक्टन्सचं (त्याच्या वास्तव भागाचं) वर्तुळ दोनदा आडवं येतं. पहिल्यांदा १ + जे १ वर, तेव्हा स्टबने उणे जे १ द्यायचा, त्यासाठी स्टब फक्त अष्टमांश तरंगलांबीचा लागतो. दुसऱ्यांदा १ – जे १ वर, तिथे स्टब ०.३७५ तरंगलांबीचा. पहिली जागा उघडच बरी, कारण लांबी जितकी कमी तितकी वारंवारिता सरकल्यावर जुळणी कमी बिघडते.

चार्टवर दोनच दशांश स्थळं नीट वाचता येतात, अशी तक्रार ऐकू येते. १०० मेगाहर्ट्झला पॉलिएथिलीनच्या कोअॅक्स केबलमध्ये तरंगलांबी साधारण दोन मीटर असते. वरचं पहिलं उत्तर म्हणजे सुमारे ४० सेंटिमीटरवर २५ सेंटिमीटरचा स्टब. तिसरं दशांश स्थळ म्हणजे दोन मिलिमीटर, आणि तेवढी चूक कनेक्टर सोलताना सहज होते. फिलिप स्मिथचा चार्ट १९३९ मध्ये छापून आला. आज हिशोब संगणक करतो, तरीही परावर्तन मोजणाऱ्या व्हेक्टर नेटवर्क अ‍ॅनलायझरच्या पडद्यावर हा चार्ट टिकून आहे, कारण आकड्यांच्या रांगेपेक्षा बिंदू कुठे सरकतोय ते पटकन उमगतं.

पण पायरीच्या, म्हणजे अचानक बदललेल्या व्होल्टेजच्या, प्रश्नाला स्मिथ चार्ट लावू नये, असं मी ठामपणे सांगेन. चार्टवरचा प्रत्येक बिंदू एकाच वारंवारितेचा, आणि लाटा येऊन-जाऊन स्थिरावल्यानंतरचा असतो. स्थिर होण्याआधी काय घडलं, ते त्यात कुठेच नाही.

त्यासाठी लॅटिस डायग्राम. आडव्या अक्षावर अंतर, उभ्यावर काळ, आणि मधून नागमोडी उतरणारी लाट. ३.३ व्होल्टचा ड्रायव्हर, त्याचा अंतर्गत रोध २५ ओहम, लाइन ५० ओहमची, एका बाजूचा विलंब एक नॅनोसेकंद, आणि टोकाला चिपचं इनपुट, म्हणजे जवळपास उघडी तार. सुरुवातीला लाइनवर २.२ व्होल्ट चढतात. उघड्या टोकाला ते दुप्पट होतात, आणि ३.३ साठी बनलेल्या पिनवर ४.४ व्होल्ट येतात. परत आलेली लाट ड्रायव्हरपाशी उणे एक तृतीयांशाने उलटते. मग टोकाला तीन नॅनोसेकंदांनी २.९३, पाच नॅनोसेकंदांनी ३.४२, असं झुलत व्होल्टेज ३.३ वर बसतं. ड्रायव्हरजवळ २५ ओहमचा रोध ओळीत घाला: १.६५ निघतात, टोकाला ३.३ होतात, परतलेली लाट पूर्ण शोषली जाते. कागदावर पाच मिनिटांचं काम.

वीजवाहिन्यांवर तर मला ही पद्धत अपरिहार्य वाटते. ब्यूलीने ती १९३० च्या दशकात तिथल्याच सर्जसाठी, म्हणजे अचानक उसळलेल्या व्होल्टेजसाठी, मांडली. सुमारे ४०० ओहमच्या ओव्हरहेड लाइनवरून १०० किलोव्होल्टची लांब शेपटीची, म्हणजे हळूहळू ओसरणारी, लाट ४० ओहमच्या केबलमध्ये शिरते. आत जातात फक्त १८ किलोव्होल्ट. केबलने वाचवलं, असं वाटून इथेच थांबणारे मी पाहिलेत. टोकाचा ट्रान्सफॉर्मर अशा लाटेला जवळपास उघडा असतो, म्हणून तिथे ३६ होतात. ती लाट मागे जाऊन ओव्हरहेड लाइनच्या सांध्यावर आपटते, ८२ टक्के परत येते, आणि ट्रान्सफॉर्मरवर ६६, मग ९० किलोव्होल्ट असे चढत जातात. शेपटी पुरेशी लांब आणि केबल आखूड असली, तर हा आकडा २०० कडे सरकतो, जणू मधे केबल नव्हतीच. जादा व्होल्टेज जमिनीत वळवणारा सर्ज अरेस्टर ट्रान्सफॉर्मरजवळ का हवा, हे या उतरत्या रेघांइतकं स्पष्ट मला दुसरीकडे कुठे दिसलं नाही.

लॅटिसची अडचणही मोठी आहे. टोकाला कपॅसिटर असला, किंवा लाइनला तीन-चार फाटे असले, की रेघांचं जंगल होतं. तिथे सरळ सिम्युलेटरकडे वळावं, मात्र पहिल्या दोन लाटा हाताने काढूनच. सिम्युलेटरमध्ये विलंब चुकीचा टाकला तरी तो तक्रार करत नाही.

लांब वीजवाहिनीवर रोजच्या ५० हर्ट्झचं व्होल्टेज काढायचं असेल, तर मात्र सूत्रच घ्या. ३०० किलोमीटरची लाइन उघडी ठेवली तर टोकाचं व्होल्टेज सुरुवातीचं व्होल्टेज भागिले कोसाइन १८ अंश इतकं होतं, म्हणजे ५ टक्क्यांनी वाढतं. याला फेरांटी परिणाम म्हणतात. इतक्याशा उत्तरासाठी चार्ट काढायचं कारण नाही.

मोजणीतही हीच विभागणी राहते. अँटेना, फिल्टर, मॅचिंग यासाठी नेटवर्क अ‍ॅनलायझर. केबल कुठे तुटली, ट्रेस कुठे अरुंद झाला हे शोधायला टीडीआर, म्हणजे पायरी पाठवून तिचा प्रतिध्वनी मोजणारं यंत्र. आणि ओळीत रोध घातलेली लाइन ऑसिलोस्कोपवर बघताना प्रोब ड्रायव्हरजवळ, रोधाच्या पुढे जिथे लाइन सुरू होते तिथे, लावू नका. वरच्या उदाहरणात तिथे दोन नॅनोसेकंद १.६५ वर थबकलेली पायरी दिसेल, आणि चिप बिघडली असं वाटून ती बदलली जाईल. तेच सिग्नल टोकाच्या पिनवर स्वच्छ, एका दमात चढलेलं असतं.