डॉन्चिच की यंग: अटलांटाने 2018 मध्ये काय कमावले, काय गमावले

2018 च्या एनबीए ड्राफ्टमध्ये, म्हणजे अमेरिकेच्या बास्केटबॉल लीगमधील संघ नवोदित खेळाडू आळीपाळीने निवडतात त्या प्रक्रियेत, अटलांटा हॉक्सने तिसऱ्या क्रमांकावर लुका डॉन्चिचला निवडले आणि लगेच त्याला डॅलसकडे सोपवून पाचव्या क्रमांकाचा ट्रे यंग व पुढच्या वर्षीच्या ड्राफ्टमधील पहिल्या फेरीत खेळाडू निवडण्याचा एक हक्क पदरात पाडून घेतला. एकोणिसाव्या वर्षी रेआल माद्रिदकडून युरोलीग ही युरोपातील क्लबांची अव्वल स्पर्धा जिंकलेला धिप्पाड डॉन्चिच मोठ्यांच्या स्पर्धेत तावून सुलाखून निघाला होता. यंग ओक्लाहोमाकडून एकाच हंगामात गुण आणि असिस्ट (सहकाऱ्याला गुण मिळवून देणारे पास) या दोन्हींत महाविद्यालयीन खेळाडूंत अव्वल ठरला असला, तरी चणीने लहान असल्यामुळे बचावात प्रतिस्पर्धी त्यालाच हेरणार, हे उघड होते. 2021 मध्ये याच यंगने न्यूयॉर्क आणि फिलाडेल्फियाला नमवून संघाला ईस्टर्न कॉन्फरन्सच्या, म्हणजे लीगच्या पूर्व विभागाच्या, अंतिम फेरीत नेले, आणि न्यूयॉर्कच्या घरच्या मैदानावर, मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये, त्याची हुर्यो उडवणाऱ्या प्रेक्षकांसमोर त्याने कमरेत वाकून केलेले अभिवादन आठवले की आम्हा हॉक्स चाहत्यांना आजही गुदगुल्या होतात. तरीही, जास्तीच्या हक्कातून आलेला कॅम रेडिश तीन वर्षांच्या आत संघाबाहेर गेला, तर डॉन्चिचने 2024 मध्ये डॅलसला एनबीएच्या विजेतेपदासाठीच्या अंतिम मालिकेपर्यंत पोहोचवले. म्हणून माझ्या मते व्यवहार तोट्याचाच ठरला. अर्थात, 2025 मध्ये डॉन्चिचलाच लॉस एंजेलिस लेकर्सकडे धाडून डॅलसने चाहत्यांचा जो रोष ओढवून घेतला, त्यापुढे आमची हळहळ फारच सौम्य म्हणावी लागेल.