लाल मारुती लालच ठेवणारं गॅरेज (अजिंठा चौफुली, जळगाव)

आमची २००८ ची मारुती ८००, लाल. पंधरा वर्षं झाल्यावर आरसी पाच वर्षांसाठी रिन्यू केली, तेव्हाच ठरवलं की हिला पुन्हा रंग द्यायचा. जळगावच्या उन्हाने टप आणि बॉनेट पार विटले होते. हात फिरवला की तळव्याला गुलाबी भुकटी लागायची.

जिथे विचारलं तिथे एकच सल्ला, पांढरा मारा. दुकानाशेजारचे अमळनेरचे भाऊ तर म्हणाले, "ताई, पांढरा मारी टाक, ईकाले बरं पडी." पण मला ती विकायचीच नाही. शिवाय रंग बदलला की आरटीओत जाऊन आरसीवर नोंद करून घ्या, ते वेगळंच.

नवी गाडीही बघून आले होते. शोरूममध्ये पांढरी, राखाडी, चंदेरी, काळी. लाल विचारली तर "बुकिंग करा, कधी येईल सांगता येत नाही." बाहेरही हीच गत आहे. अमेरिकेत आयसीकार्स या गाड्यांच्या वेबसाइटच्या पाहणीत या चार बिनरंगी छटांच्या गाड्या २००४ साली साधारण ६० टक्के होत्या, २०२३ मध्ये ८० टक्के झाल्या. आपल्याकडे लोक उन्हाचं कारण देतात. पांढरी कमी तापते, हे खरंच आहे. पण मग मे महिन्यात पारा ४५ च्या आसपास असताना काळ्या गाड्या का घेतात? खरं कारण रीसेल. स्वतःसाठी गाडी घेताना पुढच्या गिऱ्हाइकाची आवड बघायची! फुले मार्केटमध्ये माझं साड्यांचं दुकान आहे. हळदीला, लग्नाला हीच माणसं पिवळाधमक, राणी, मोरपंखी मागतात. रंगाची हौस आहेच, गाडीपाशी येऊन ती दबते आणि मला त्याचं फार वाईट वाटतं.

शेवटी चौफुलीजवळच्या डेंटिंग-पेंटिंगवाल्या चाचांनी "लाल का नाही होणार?" म्हटलं आणि गाडी तिथेच ठेवली.

त्यांनी आधी पेट्रोलचं झाकण उघडलं. आतल्या बाजूला ऊन लागत नाही, तिथे मूळ लाल जसाच्या तसा होता. शेड त्याच्याशी जुळवली. पत्र्याच्या तुकड्यावर रंग फवारला, वाळवला आणि भर दुपारी बाहेर आणून झाकणाला लावून धरला. आम्हीही गिऱ्हाइकाला साडी ट्यूबलाइटखाली पसंत करू देत नाही, पायरीवर नेऊन दाखवतो. माझा विश्वास तिथेच बसला. पहिला तुकडा केशरीकडे झुकत होता. मी बोलायच्या आधीच चाचांनी मान हलवली आणि पुन्हा मिसळायला घेतलं. शेवटचा तुकडा झाकणावर ठेवला तेव्हा त्याची कड कुठे संपते ते शोधावं लागत होतं.

लाल रंग नीट झाकत नाही. खाली प्रायमर डागाळलेला असला की वर दिसतो. म्हणून भुकटी झालेला थर पाणी-पेपरने घासून काढला, डाव्या दाराचा पोचा ठोकून लांबी (पुट्टी) भरली आणि सगळ्या अंगाला एकसारखा प्रायमर दिला. मग लालचे पातळ हात, एक वाळला की दुसरा, आणि वरून क्लिअर, म्हणजे पारदर्शक थर. पांढऱ्यातलं टायटॅनियम डायऑक्साइड उन्हाला दाद देत नाही, लालमधली बरीच रंगद्रव्यं मात्र उन्हाने तुटतात, त्यामुळे क्लिअरमध्ये काटकसर करू नका, असं चाचांनी बजावलं.

तक्रारीही आहेत. रंग मारायला बंद बूथ नाही, प्लास्टिकचे पडदे आहेत, त्यामुळे डिकीवर धुळीचे कण बसले. दाखवल्यावर २००० नंबरच्या पेपरने घासून, कंपाउंड मारून दिले, जास्तीचे पैसे घेतले नाहीत. मागच्या उजव्या दाराच्या रबरावर उडालेला फवारा मात्र तसाच राहिला. आठवड्याचा वायदा बराच लांबला. फोन उचलत नाहीत, जाऊनच विचारावं लागतं.

पूर्ण बॉडीचे २६ हजार, डेंटिंगचे तीन हजार वेगळे. पांढरा स्वस्तात झाला असता, हे त्यांनी आधीच सांगितलं होतं.

पाचपैकी चार. एक वेळेसाठी कापला. गाडी द्यायची तर वाऱ्या-धुळीच्या दिवसांत देऊ नका, दिवाळीनंतर द्या, आणि रंग झाल्यावर महिनाभर वॅक्स लावू नका.