इंग्रजी वॉकच्या समानार्थी शब्दांची यादी पाठ करू की आपल्या क्रियापदाला जोडू?
वॉकचे दहा-पंधरा समानार्थी शब्द वहीत लिहून घोकायचे, हे मीपण केलंय, परीक्षेपुरतं चालतं, पण स्ट्रोल आणि ट्रज दोन्हींपुढे नुसतं "चालणे" लिहिलं की फरक गेलाच ना! स्ट्रोल म्हणजे जेवल्यावरची निवांत चक्कर, अन् ट्रज म्हणजे चिखलातून दमून पाय ओढत जाणं.

त्यापेक्षा मला मराठी क्रियापदाशी जोडी लावणं आवडतं. व्हिस्पर म्हणजे कुजबुजणं, मम्बल म्हणजे पुटपुटणं, लिम्प म्हणजे लंगडणं, ग्लेअर म्हणजे डोळे वटारून बघणं (आईचं), गिगल म्हणजे फिदीफिदी हसणं. वेळ जास्त जातो, आणि कधी ग्लान्सच्या "ओझरतं बघणं"सारखे एकापेक्षा जास्त शब्द लागतात, पण लक्षात राहतं. यादी फक्त स्पेलिंगसाठी ठेवलीये.